सदतीस अंश

उमिओला नोव्हेंबरात दुपारी अडीचलाच दिवस मिटतो.
मी त्या वेळी पेशींना जेवू घालत असायचे.
सोमवार, बुधवार, शुक्रवार.
गुलाबी पाणी, सदतीस अंश.
बाहेर उणे बावीस.

मी आउने. फिनलंडहून बोटीने आले,
बाटल्या धुवायला लागले आणि तिथेच राहिले.
गुनबोर्ग सेलस्टेट डॉक्टर होती, पण इथे सगळेच एकेरी.
पहिल्याच दिवशी म्हणाली,
"यांना रविवार कळत नाही. तेवढं लक्षात ठेव."

तिचा विषाणू वीस बाजूंचा,
बारा कोपऱ्यांवर बारा काठ्या, काठीच्या टोकाला गाठ.
इतका नेटका, की कुणी घासूनपुसून फळीवर मांडलाय.
मी तसं म्हटलं, तर म्हणाली,
"नेटका कुठला! कंजूष आहे."

"आणि दार फोडतो असं समजू नकोस.
शेजारणीला धरून राहायला
पेशी हात पुढे करते ना,
हा तोच हात धरतो."

हा शोध तिचा नव्हता, दुसऱ्यांनी केव्हाच छापला होता.
तिची नऊ वर्षं गेली पुढच्या पायरीत:
आत घेतला, बुडबुड्यात कोंडला,
बुडबुडा आंबट होत गेला,
तर तो फाडून हा सुटतो कसा?
नऊ वर्षं मी बाटल्या भरल्या.
मग कुठल्याशा दुसऱ्या शहरातून
सहा आठवडे आधी तेच छापून आलं.
तिने ते उभ्यानेच वाचलं,
हातातला वेलदोड्याचा पाव संपवला.
"त्यांची चित्रं आपल्यापेक्षा स्वच्छ आहेत," म्हणाली,
आणि बुधवारसाठी सहा बाटल्या जास्त मागितल्या.

घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात.
काचेखाली मी उलटं पाहिलं.
घर फिरलेलं नव्हतं.
वासे मात्र त्या पाहुण्याला खांद्यावर घेऊन
ओसरीतून थेट माजघराकडे निघाले होते,
रोजचंच ओझं वाहावं तसे, निमूट.

एका मार्चमध्ये तिचा डोळा आला.
तीन आठवडे लाल, चिकट, प्रकाश सोसेना.
तिने स्वतःच कापसाची काडी फिरवली,
वहीत लिहिलं: नमुना ४११. रुग्ण: मी.
माझ्याच बाटलीत तो वाढला.
चौथ्या दिवशी पेशी द्राक्षांच्या घोसासारख्या गोळा झाल्या,
तळ सोडून तरंगू लागल्या.
मी त्यांना चार दिवस आधीच खाऊ घातलं होतं,
मला वाईट वाटलं, तिला सांगितलं नाही.
ती चांगल्या डोळ्याने भिंगात बघत होती
आणि हसत होती,
लांबचं नातलग पत्ता शोधत आल्यासारखी.

सगळं संपलं ते जूनमध्ये, जेव्हा दिवस मावळतच नाही.
उणे ऐंशीचा फ्रीझर दोघींनी रिकामा केला.
दोनशे चाळीस खोके, तिचं बारीक उजवीकडे झुकलेलं अक्षर,
मध्येच काही वर्षं माझं.
४११ वरचा बर्फ तिने अंगठ्याने पुसला.
मला वाटलं, ही ठेवून घेईल.
तिने ती नळी लाल पिशवीत टाकली, इतरांबरोबर,
एकशे एकवीस अंशांवर वाफवायला.

"त्याचा राग नाही आला कधी?" मी विचारलं.
एकतीस वर्षांत पहिल्यांदा.
"कशाचा?" ती म्हणाली. खरंच कळलं नव्हतं तिला.
नंतर वाहनतळावर, सायकलचं कुलूप काढता काढता,
"एकदा आला. सुटला कसा ते मला सांगेना, तेव्हा."

तिने हात पुढे केला. मी धरला.
अजून फ्रीझरइतका गार होता.

तो शुक्रवार होता.
मी वर गेले, सवयीने इनक्युबेटरचं दार उघडलं.
आत एकही बाटली नव्हती.
आकडा मात्र जळत होता:
सदतीस.